पत्त्यांच्या पुस्तकांत नव्हतं ते

माझं ब्युटी पार्लर मिरकरवाड्याच्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्यापासून थोडं वर आहे. पार्लर म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मधे एक पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. गिऱ्हाईक डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलेलं असतं आणि मागून तळणाऱ्या बोंबलांचा वास येत असतो. आजवर कुणी तक्रार केली नाही, कारण येणाऱ्या सगळ्या बंदरावरच्याच.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, बंदर झोपतं आणि बंदर झोपलं की पार्लरही झोपतं. कुणाला भुवया कोरून घ्यायची हौस नसते. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात मोबाईलवर एक बाई पत्ते मांडून लोकांचं भविष्य सांगताना दिसली. बाई गोड बोलत होती आणि नखं फार सुंदर रंगवलेली होती. मला वाटलं, एवढं तर आपणही बोलू शकतो. मी पत्त्यांचा जोड मागवला.

त्याच्यासोबत औषधाच्या खोक्यात निघतो तसला कागद निघाला, बारीक इंग्रजी अक्षरांचा. एका पत्त्याला दोन ओळी. त्यावर भागेना म्हणून एसटी स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडून मराठी मार्गदर्शक आणलं. तिसरं हिंदी. ते दादाने मुंबईहून आणलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ट्रॉलरवर खलाशी होता. बोट दुरुस्तीला मुंबईत गेली होती, तिथे फूटपाथवर त्याला ते मिळालं. माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, "घे, आता थापा तरी नीट मार."

तीन पुस्तकं आणि तीन तोंडं. एका पत्त्यावर एक माणूस पालथा पडलाय आणि त्याच्या पाठीत दहा तलवारी आहेत. इंग्रजी कागद म्हणे, दुःखाचा तळ गाठला, आता याहून खाली जाणे नाही. मराठी पुस्तक म्हणे, मणक्याचे विकार संभवतात. हिंदी पुस्तकाने सांगितलं, शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घाला. मी तिन्ही अर्थ पाठ केले आणि समोरची बाई बघून त्यातला एक सांगायला लागले. कंबर धरून बसलेली असली तर मणका, नवऱ्याशी भांडून आलेली असली तर तळ.

पण नुसतं पाठ करून पत्ते लक्षात राहीनात. मग मी त्यांच्यावर आमची माणसं बसवली. तलवारींची राणी म्हणजे लिलावात भल्याभल्या व्यापाऱ्यांना गप्प करणारी आमची मावशी. नाण्यांचा राजा म्हणजे दादाच्या बोटीचा मालक, तसाच पोट पुढे काढून बसलेला. पेल्यांचा गुलाम म्हणजे दादा. त्या पत्त्यावर फुलाफुलांचा अंगरखा घातलेला एक पोरगा समुद्राकडे पाठ करून उभा आहे. त्याच्या हातातल्या पेल्यातून एक मासा डोकं वर काढतोय आणि दोघं एकमेकांशी बोलताहेत. लहानपणी दादा घरातल्या स्टीलच्या गडव्यात खाडीतली पिल्लं आणून ठेवायचा आणि त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचा. मी त्याला पत्ता दाखवला तेव्हा त्याने तो उजेडात धरून नीट बघितला. म्हणाला, "टोपी नको होती तेवढी."

तीन पुस्तकांचं क्वचितच एकमत व्हायचं. एका पत्त्यावर मात्र व्हायचं, तो मृत्यूचा पत्ता. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा. तो निघाला की बायका घाबरतात, म्हणून पुस्तकं आधीच सावध करतात: हा मृत्यू नव्हे, जुनं संपून नवं सुरू होणं आहे. एका नवरीला तो आला आणि मेंदीच्या ओल्या हातांनी ती रडायला लागली. मी तिला पुस्तकातलं वाक्य अगदी घोटून सांगितलं, "हा पत्ता आला म्हणजे मरण नाही गो." ती गेल्यावर पडद्यामागे कोळंबी सोलत बसलेली आई म्हणाली, "बरा हाय तुझा धंदा. मराण पन मराण नाय." आणि हसली. त्या दिवशी घरात सगळेच हसले. दादा होता, वहिनी होती. त्यांच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

दसरा होऊन गेल्यावर वादळाची सूचना आली आणि बोटी परत फिरल्या. दादाची बोटही आली. तिच्यावर सगळे होते, दादा नव्हता.

तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, आमच्या दारात खाली मान घालून उभा राहिला. पहाटे दादा मागच्या बाजूला पहाऱ्यावर होता, उजाडलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पडताना कुणी बघितलं नाही, हाक कुणी ऐकली नाही. समुद्रही तेव्हा फार खवळलेला नव्हता, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. त्याने ते सांगायला नको होतं. वादळाने नेलं म्हटलं असतं तर मनाला धरायला काही तरी मिळालं असतं. आम्हाला एवढंच मिळालं, की होता आणि नव्हता.

सरकारी बोटी फिरल्या, आमच्या माणसांच्या होड्याही फिरल्या. वरपासून खालपर्यंत सगळ्या किनाऱ्यांना निरोप गेले. काही हाती लागलं नाही. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, की समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही. दिलेला नारळ परत येतो, हरवलेलं जाळं परत येतं, माणूसही परत येतो, कसाही असला तरी. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बायका याच भरवशावर किनाऱ्यावर उभ्या राहिल्या आहेत. आईने त्याचाच हिशेब उलटा मांडला. दर्याने दिला नाही, म्हणजे तो दर्यात नाही. दर्यात नाही म्हणजे जमिनीवर कुठे तरी आहे. तिच्याशी वाद कसा घालणार? मीही तेच ऐकत वाढले होते.

मग आमचं घर त्याच्या वाटेवर डोळे लावून राहायला लागलं. आई दाराला कडी लावू देईना. वाऱ्याने दार ढकललं गेलं की तिघी एकदम वळायचो आणि एकीने दुसरीकडे बघायचं नाही असा नियमच पडला. जेवताना त्याचं ताट मांडलं जायचं आणि नंतर आई त्यातलं सगळं गोळा करून स्वतः खायची. त्याचा टॉवेल ती धुऊन दोरीवर टाकायची. वापरलाच नाही तो धुवायचा कशाला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एकदा दुपारी मी पार्लरमधून आत गेले तर तो टॉवेल ओला होता आणि आई बाजारात गेलेली. वहिनीने तोंड पुसलं असेल. मी वहिनीला विचारलं नाही. हे सगळं लिहितानाही मला वाटतं, की विचारायला हवं होतं.

आणि पत्त्यांत पेल्यांचा गुलाम यायला लागला.

अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात. कुणीही पिसले, कितीही पिसले, तरी तो निघायचा. कोतवड्याची बाई विचारायची मुलाच्या नोकरीचं, निघायचा तो. शेजारीण विचारायची बदलीचं, निघायचा तो. पेल्यातला मासा आणि त्याच्याशी बोलणारा आमचा दादा. त्याच्याबद्दलही तिन्ही पुस्तकांचं जवळपास एकच म्हणणं: निरोप येईल, बहुधा शुभवार्ता. मी समोरच्या बाईला तसं सांगायचे आणि पत्ता पटकन पालथा घालायचे. एकदा मी तो पत्ता जोडातून काढून खणात ठेवला. त्या दिवशी घरात इतकं सुनं वाटलं की संध्याकाळ व्हायच्या आत परत आत घातला. माझा त्या पत्त्यांवर विश्वास होता का? नव्हता. भीती मात्र वाटायची, आणि तिला विश्वासाची गरज लागत नाही.

वहिनी तोवर माझ्या हाताखाली शिकायला लागली होती. हात हलका होता, दोरा असा चालवायची की बायका माझ्याऐवजी तिच्याकडे बसायला लागल्या. बोलायची कमी. माझ्याहून वर्षभराने लहान, तरी थोरल्याची बायको म्हणून मी वयनी म्हणायचे आणि ती मला वन्सं. काम करताना मधेच थांबून ती गळ्यातलं मंगळसूत्र बोटाभोवती गुंडाळायची आणि सोडायची. समोरच्या मोठ्या आरशात ते मला दिसायचं. तिला सवाष्ण म्हणावं की काय म्हणावं, हे वाडीत कुणालाच कळेना. हळदीकुंकवाला बोलावताना बायका दारात अडखळायच्या. काही जणी बोलवायच्या आणि ती आल्यावर नजर चुकवायच्या.

दुसऱ्या वर्षी तिचे वडील गुहागरहून आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि आईला म्हणाले, "विहीणबाय, पोर माझी लहान हाय. तिला घेऊन जातो म्हनतो. तिकडं एक मानूस हाय, सुपारीची वाडी हाय, बायको वारलेली. समजून घ्या."

आई म्हणाली, "तिचा घोव जिता हाय."

एवढंच. वडील वहिनीकडे बघत राहिले, वहिनी जमिनीकडे. तिला जायचं होतं की नव्हतं हे कुणी तिला विचारलंच नाही. जाताना वडील रस्त्याच्या वळणावर थांबून डोळे पुसताना मला दिसले. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की आमच्या घरातून हरवलेला माणूस एकटा दादाच नाही.

त्यानंतर आई ग्रामदेवीला कौल लावायला निघाली. बाहेरच्यांसाठी सांगते: गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. घर बांधायचं, लग्न ठरवायचं, होडी पाण्यात लोटायची, सगळ्याला आमच्याकडे कौल लागतो. एकदा मिळालेला कौल पुन्हा मागायचा नाही आणि मोडायचाही नाही. गुरवाने आईचं सगळं ऐकून घेतलं आणि पाकळ्यांचं ताट बाजूला सारलं. "आक्का, जिवाचा कौल देवी देत नाय," तो म्हणाला. "मानसानं काय करावा तां इचार. हाय का नाय तां इचारू नको."

आई अपमान झाल्यासारखी घरी आली. मी पार्लर बंद करून जेवायला उठत होते. ती पडद्यातून पुढे आली, पाय पुसले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती जन्मात कधी बसली नव्हती.

"तुझे पत्ते काढ," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आये, यात होय-नाय विचारत नाहीत. पुस्तकात तसं लिहिलंय." खरंच लिहिलंय. तिन्हींत आहे, की जिवंत आहे का, येईल का, असले प्रश्न पत्त्यांना घालू नयेत. गुरवाने सांगितलं तेच, फक्त कागदावर छापलेलं.

"पुस्तक राहूंदे. देवी नाय सांगत, तू सांग. एकच पत्ता. कौल एकदाच."

तिने पत्ते माझ्या हातातून घेतले. ते कसे पिसायचे तिला ठाऊक नव्हतं. मासे टोपलीत वरखाली करतात तसे तिने ते मांडीवर वरखाली केले. मग डोळे मिटून तिने गाऱ्हाणं घातलं, गुरव घालतो तसंच, मूळ पुरुषापासून सगळ्यांना हाका मारत. विलायती चित्रांच्या त्या पत्त्यांसमोर आमचे सगळे पूर्वज, सीमेवरचा राखणदार आणि दर्याचा धनी येऊन उभे राहिले. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी मनात एवढंच घोकत होते, की दादा नको, पेल्यांचा गुलाम नको. तो निघाला असता तर आईने शुभवार्ता धरून ठेवली असती आणि वहिनी या खोलीत म्हातारी झाली असती. वहिनी तेव्हा मागे कापसाचा डबा हातात घेऊन उभी होती. आरशात ती मला दिसत होती आणि ती माझ्याकडे नाही, आईच्या हातांकडे बघत होती.

आईने पत्ता ओढला आणि उलटला. पांढरा घोडा आणि वरचा सांगाडा.

मला एक क्षण हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आईने घोड्याच्या तोंडावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यो आला म्हंजे मराण नाय. तूच त्या नवरीला सांगितलंस. होय ना?"

तिचा आवाज अगदी साधा होता. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं, की ती फसलेली नाही. तिला मी जे म्हणेन ते हवं होतं. मी पुस्तकातलं वाक्य पुन्हा म्हटलं असतं तर ती ते घेऊन उठली असती, ताट मांडलं असतं, टॉवेल धुतला असता, आणि कौल मिळालेला म्हणून पुन्हा कधी कुणी तो विषय काढू शकलं नसतं. तिन्ही पुस्तकं माझ्या बाजूने होती. खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

"आये," मी म्हटलं, "दादा गेला."

"पुस्तकात हाय तसां?"

"नाय."

"मंग कशावरून सांगतंस?"

"मी सांगतंय," मी म्हटलं. "गेला तो."

मागे कापसाचा डबा खाली पडला. आईने पत्ता आरशासमोरच्या फळीवर ठेवला, पदराने चेहरा पुसला आणि आत गेली. पडद्यामागून रडणं ऐकू येईल म्हणून मी वाट बघत राहिले. तिने आधी चूल विझवली. मग आवाज आला. तसा आवाज मी तोवर ऐकला नव्हता आणि अजून तो माझ्या कानातून गेलेला नाही. दादा समुद्रात कधी गेला हे देवाला ठाऊक. घरात तो त्या दुपारी, माझ्या तोंडून मेला.

देह नसला की आमच्याकडे दर्भाचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. भटजींनी गवताचे हातपाय बांधले. आईने त्यावर दादाचा टॉवेल घातला. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मिरकरवाड्याचे कावळे म्हणजे टोपलीतला मासा बाईच्या हाताखालून पळवणारी जात. झाडावर ओळीने बसले होते आणि एकही खाली उतरेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली की असं होतं, म्हणून एकेकाने पुढे होऊन वचन द्यायचं. मी म्हटलं, "दादा, आईला मी बघेन." काही नाही. तांडेल म्हणाला, "चुकलो असेन तर माफ कर." काही नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायचं म्हणायला लागले. तेव्हा आई उठली, वहिनीचा हात धरून तिला पुढे आणलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, हिला मी चांगल्या घरी देतंय. तुझा जीव गुंतला असेल तर सोडव."

कावळा उतरला. वाडीतली माणसं अजून ती गोष्ट सांगतात. मी सांगत नाही. उन्हं चढलेली होती आणि कावळ्यालाही कधी ना कधी भूक लागतेच.

वहिनी गुहागरला गेली. निघताना तिने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "वन्सं, तुम्ही सांगितलंत म्हणून." आणि एसटीत चढली. तिथे तिचं लग्न झालं, ती सुखात आहे. तिला मुलगी झाली. फोनवर ती मुलगी आईला आजी म्हणते आणि आई तिच्याशी तासभर बोबडं बोलते. दाराला आता कडी लागते. पत्ते मी अजून वाचते, बायका सोडत नाहीत. पेल्यांचा गुलाम येतो तसा कधीमधी येतो, इतर पत्त्यांइतकाच.

गेल्या मोसमात बंदरावर बोंब उठली. वरच्या आळीतला एक खलाशी, कधीचा बेपत्ता झालेला, परत आला होता. परक्या बोटीने त्याला पाण्यातून उचललं, पार पलीकडच्या देशात नेलं, तिथे तो कैदेत राहिला आणि सुटून आला. सगळी वाडी धावली. आईही धावली. मी पार्लरमध्येच राहिले, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा लेप वाळत होता आणि मी हात गरम पाण्यात बुडवून उभी राहिले.

आई परतली ती बऱ्याच वेळाने. उंबऱ्यावर बसून पाय धुतले. म्हणाली, "वळखू येत नाय, एवढा वाळलाय. मी हात लावून बघितला त्येच्या तोंडाला." मग पाय पुसत, माझ्याकडे न बघता, "बायको थांबली होती त्येची."

त्यात दोष देणं नव्हतं. आई तसं बोलत नाही. तिने फक्त बघून आलेलं सांगितलं आणि भात टाकायला आत गेली. मी मात्र त्या वाक्यापाशीच उभी आहे. मी नुसतं म्हणाले होते, गेला. कशावरून, हे तिने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, मी सांगतंय.

दादावर माझा फार जीव होता. आईनंतर त्याच्यावरच. तरी रोज सकाळी शटर वर करताना मी आधी बंदराकडून चढून येणारा रस्ता बघते आणि तिथे कुणी नसलं की मला बरं वाटतं.